मैदान रिकामं करा

भोंग्याचा आवाज आधी यायचा, गाडी नंतर दिसायची. जालना रोडवरून आत वळताना सरकारी जीप हळू व्हायची आणि तो खरखरीत आवाज मैदानभर पसरायचा, "सर्व झोपडीधारकांना कळविण्यात येते की मैदान रिकामं करा." मी तेव्हा दहा-बारा वर्षांची असेन. झोपडीधारक म्हणजे आपणच, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. आमच्याकडं झोपडी कुठं होती? पाल होतं. चार बांबू, वर ताडपत्री, बाजूला बारदानाचे कूड आणि दाराच्या जागी मायचं जुनं लुगडं.

औरंगाबादची जुनी वस्ती वेशीच्या दरवाज्यांच्या आत दाटून बसली होती, आणि बाहेर जालना रोडच्या बाजूला नवी वसाहत उठत होती. तिथं बिगारी लागायचे. आम्ही अंबडकडून त्याच कामासाठी आलो. गावात आमचं शेत नव्हतं. बाप खाणीत दगड फोडायचा, ती खाण बंद पडली. शहरात आल्यावर वर्षाच्या आतच तो बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला. मग राहिलो माय, माझी मोठी बहीण अक्का आणि मी. त्या दोघी विटा वाहायच्या. मी शाळेत जायचे, आणि शाळा नसेल तेव्हा पाल राखायचे.

काम चालू असेपर्यंत ठेकेदार त्याच प्लॉटवर राहू द्यायचा. घर पूर्ण झालं, दाराला तोरण लागलं, की आम्ही उठायचो आणि पुढच्या मोकळ्या प्लॉटवर जायचो. असं करत करत प्लॉट संपले. उरलं ते एक मैदान. नकाशात ते बागेसाठी सोडलेलं होतं म्हणे. आम्हाला नकाशा कोण दाखवणार? मोकळी जागा दिसली, शेजारी नळ होता, सगळे बिगारी तिथंच येऊन टेकले.

आमच्या पालाला लागून खालाचं पाल होतं. खाला म्हणजे मावशी, पण ती आमच्या नात्यातली कुणी नव्हती. ती गाद्या-रजया शिवायची. कापूस पिंजून आणायची आणि मोठ्या सुईनं भर उन्हात टाके घालत बसायची. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी ती लहान होती. आईबापाबरोबर गाव सोडून शहरात आली, आणि कितीतरी दिवस ते सगळे एका मशिदीच्या आवारात राहिले. पुढं लग्न झालं, नवरा गेला, एक लेक होती ती पैठणला दिली. एवढी गोष्ट ती दोन टाक्यांच्या मधे सांगून टाकायची. माय कधी रडायला लागली, की म्हणायची, "अगे, रोती कायकू? मेरेकू देख. मैं तो उठनेकेच वास्ते पैदा हुई." आणि मोठ्यानं हसायची. मायला ते हसणं आवडायचं नाही, पण रडणं मात्र थांबायचं.

गाडी आली की काय करायचं हे सगळ्यांना पाठ झालं होतं. भोंगा ऐकू आला, की माय कामावर असली तरी मी आधी चुलीवरचं उतरवायचे. मग भांडी पोत्यात, पोतं रस्त्याच्या पलीकडं. ताडपत्री सोडायची, कारण गाडीवाल्यांना ताडपत्री आणि बांबू हवे असत. ते ट्रकमध्ये गेले, की परत मिळत नसत. बारदान कुणी नेत नसे. आपलं पाल आपणच पाडलं, तर सामान वाचतं, हे शहाणपण तिथल्या प्रत्येक बाईला आलं होतं. गाडी यायची तेव्हा मैदान खरंच रिकामं असायचं. माणसं रस्त्याच्या कडेला वळकट्यांवर बसून बघत असायची. साहेब उतरायचे, एक चक्कर मारायचे, चुलीचे दगड पायानं ढकलून द्यायला सांगायचे आणि जायचे. संध्याकाळी दिवे लागायच्या आत सगळी पालं पुन्हा उभी.

हे इतक्यांदा झालं, की मला एक सवय लागली. आवाज नसतानाही मी ऐकायचे. शाळेत बाई फळ्यावर लिहीत असायच्या आणि मला लांबून कुठंतरी भोंगा वाजल्यासारखा वाटायचा. मी उठून उभी राहायचे. बाई विचारायच्या, "काय गं, कुठं निघालीस?" मी घरी पळत यायचे, तर सगळं जागच्या जागी असायचं. खाला सुई थांबवून विचारायची, "क्या हुआ?" मी म्हणायचे, "काय नाय." आणि पुन्हा शाळेकडं पळायचे.

मैदानाच्या समोर बंगल्यांची ओळ होती. त्यातल्या एका बंगल्याच्या विटा मायनं आणि अक्कानं वाहिल्या होत्या. तिथल्या बाई सुरुवातीला चांगल्या वागायच्या. आमचा नळ आटला, की आपल्या बागेतल्या नळावर भरू द्यायच्या. उन्हाळ्यात आम्ही हंडे घेऊन रांगेनं जायचो. मग रांग वाढली. फाटकाजवळ चिखल व्हायला लागला. एकदा कुणाच्या तरी लेकरानं त्यांच्या भिंतीशी घाण केली. त्या बाईंचा राग मला आज समजतो, तेव्हा नुसती भीती वाटायची.

त्यांनी मायला फाटकाशी बोलावलं. म्हणाल्या, "मला तुमच्याबद्दल काही नाही. पण आमच्या मुलांनी खेळायचं कुठं? संध्याकाळी बाहेर यायची सोय राहिली नाही. सगळे मिळून आम्ही वर अर्ज देतोय."

माय म्हणाली, "द्या की बाई. आम्ही काय इथं हौसेनं बसलोत? पर आम्ही जायचं कुठं, त्ये बी लिवा त्यात."

"ते आम्ही कसं सांगणार?"

"मग कोन सांगन?"

बाई वळल्या. फाटक लावून आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून नळाला कुलूप होतं. पाणी मग आम्ही लांबच्या विहिरीवरून आणायला लागलो. मायनं त्या बाईंना कधी शिव्या दिल्या नाहीत. खाला मात्र द्यायची, मनापासून, उर्दूत आणि मराठीत.

त्याच दिवसांत अक्काचं लग्न ठरलं. मुलगा चितेगावचा, तिथल्याच एका कंपनीत कामाला. बांधकामावर सळया पोचवायला तो यायचा. तिथंच ओळख झाली, आणि त्यानं आपल्या घरी सांगितलं. त्याचे वडील बघायला आले. मैदानात ते चपला काढून कुठं बसावं हे शोधत उभे राहिले. खालानं नवी शिवलेली गादी अंथरली, ती कुणाची तरी ऑर्डर होती. व्याही बसले, चहा झाला, आणि त्यांनी विचारलं, "मांडव कुठं घालता?"

माय म्हणाली, "हितंच."

ते आजूबाजूला बघून म्हणाले, "हितं घालू देतील?"

"का नाय देणार? बागेची जागा हाय म्हनत्यात. लगीन बागेतच व्हतंय म्हनायचं."

व्याही हसले. माणूस बरा होता. तारीख पक्की झाली.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात जीप आली. पण या वेळी भोंगा वेगळंच बोलत होता. आता नुसतं उठायचं नव्हतं. शहराच्या बाहेर, शेंद्र्याच्या वाटेवर, जागा दिल्या जाणार होत्या. ट्रक नेऊन सोडणार होते, आणि त्यानंतर मैदानाला तारेचं कुंपण पडणार होतं. लोकांच्यात एकदम गलका उठला. काही जण खूश झाले, जागा मिळणार म्हणून. काही म्हणाले, तिथं रान आहे नुसतं, काम कुठं करायचं? माय कुणाचं ऐकत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "कवा?" उत्तर आलं, ते नेमकं लग्नाच्या दिवसाचं.

माय आणि खाला साहेबांना भेटायला गेल्या. मीही गेले. साहेबांचं ऑफिस म्हणजे एक लांब खोली आणि खूप खुर्च्या. साहेब वयानं फार नव्हते. माय उभ्यानंच बोलली.

"साहेब, एक दिस थांबवा. लेकीचं लगीन हाय."

"मावशी, ट्रक ठरलेत. पोलीस ठरलेत. माझ्या हातात नाही."

"मग कुनाच्या हातात हाय?"

साहेबांनी पंख्याकडं बोट केलं, म्हणजे वर. खाला मधे पडली. "साहब, तुमारी भी लडकी होयेगी. उसकी शादी के दिन कोई मंडप उखाडा तो?"

साहेब चिडले नाहीत. म्हणाले, "मला मुलगी नाही. लग्नच व्हायचंय अजून." मग म्हणाले, "सकाळी लवकर उरकून घ्या. मी गाड्या जेवढ्या उशिरा आणता येतील तेवढ्या आणतो. यापुढं मला विचारू नका."

बाहेर आल्यावर माय म्हणाली, "मानूस वंगाळ नाय." खाला म्हणाली, "आदमी अच्छा है, गाडी खराब है." त्या दिवशी परत येताना त्या दोघी रस्ताभर बोलत राहिल्या, मुहूर्त कसा अलीकडं घ्यायचा, भटजीला काय सांगायचं, बुंदी कुठून आणायची. मला मात्र एकच दिसत होतं, अक्का बोहल्यावर उभी आहे आणि भोंगा वाजतो आहे.

लग्नाच्या दिवशी सगळं सकाळीच झालं. मांडव म्हणजे चार पालांच्या ताडपत्र्या एकत्र बांधलेल्या. आंब्याचे डहाळे मी आणि शेजारच्या पोरींनी आणले. चितेगावहून वऱ्हाड टेम्पोतून आलं. मंगलाष्टका चालू झाल्या आणि ट्रकचा आवाज आला. एका मागं एक ट्रक रस्त्याच्या कडेला लागले. भटजींनी आवाज वाढवला. मी अक्षता टाकायच्या विसरले, त्या माझ्या मुठीत घामानं चिकटून बसल्या. अक्कानं मान वर केली नाही, पण मुंडावळ्या हलत होत्या.

साहेब उतरले. त्यांच्या मागं पाडायला आलेले मजूर. तेही आमच्यासारखेच, रोजावर आलेले. त्यातले एक-दोघे मायबरोबर कामाला असायचे. साहेब मांडवाच्या कडेला येऊन थांबले. त्यांनी हातानंच मजुरांना थांबायला सांगितलं. शेवटची मंगलाष्टका झाली, टाळ्या वाजल्या, आणि मग कुणाला काहीच सुचेना. वऱ्हाडी एकीकडं, मजूर एकीकडं, पोलीस ट्रकपाशी.

माय पुढं गेली. साहेबांना म्हणाली, "आता आलाच हाय तर जेवून घ्या."

"नको, मावशी."

"तुमी नका जेवू. पर ही मानसं उपाशी हायत. त्यास्नी बसू द्या."

साहेबांनी घड्याळात बघितलं, मग मजुरांकडं बघितलं, आणि मान हलवली. पंगत बसली. वरण, भात, वांग्याची भाजी आणि बुंदी. वऱ्हाड आणि पाडायला आलेले मजूर शेजारी शेजारी. अक्काचे सासरे एका मजुराला आग्रहानं बुंदी वाढत होते. त्यांना ठाऊक नव्हतं की हा कोण. ठाऊक असतं तरी त्यांनी वाढली असती, असं मला वाटतं. साहेबांनी शेवटी एक ग्लास पाणी घेतलं.

हात धुऊन झाले आणि काम सुरू झालं. ज्या हातांनी आत्ता जेवले त्याच हातांनी त्यांनी मांडवाच्या दोऱ्या सोडल्या. हळूहळू सोडल्या, फाडल्या नाहीत. एक जण ताडपत्रीची घडी घालून मायच्या हातात देत होता. म्हणाला, "काकू, ही ठेवा. ट्रकात टाकू नका, तिथं लागंल." माय घेत होती आणि एकेक वस्तू ओळखून ज्याची त्याला देत होती. अक्का टेम्पोत बसायला निघाली तेव्हा आमचं पालही खाली आलं होतं. सासरी जाणारी पोर माघारी वळून घराकडं बघते. अक्कानं वळून बघितलं, तर तिथं चुलीचे तीन दगड आणि बारदानाचा ढीग. ती तिथंच खाली बसली. मायनं तिला काखेत धरून उठवलं आणि टेम्पोत चढवलं. "जा," म्हणाली. "तिकडं भिंती हायत. जा."

आम्ही ट्रकात चढलो.

शेंद्र्याच्या वाटेवर ट्रकनं सोडलं तेव्हा दिवस मावळायला आला होता. तेव्हा तिकडं कारखाने नव्हते, शेतं आणि मुरमाड माळ. माळावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या, एकाला एक लागून चौकोन. एकेक चौकोन एकेका घराचा. झाड नव्हतं. पाण्याचा टँकर येईल असं सांगितलं होतं, तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. वारा एवढा होता की ताडपत्री धरून ठेवायला माणूस लागायचं. शहरात जायला बस कधी यायची, कधी नाही. कामाच्या वेळेला तर नाहीच.

मायनं थोडे दिवस काढले. पायी जाऊन बघितलं, टेम्पोला हात करून बघितलं. मुकादम म्हणाला, एवढ्या उशिरा येणाऱ्या बाईला हजेरी कशी देऊ? एके सकाळी तिनं सामान बांधलं. खाला बघत बसली होती.

"जाती क्या?"

"जाते. हितं राहून काय माती खाऊ?"

"जागा जायेगी."

"जाऊ दे. जागेनं पोट भरत नाय."

खालानं सुईत दोरा ओवला. तिचं काम तर सुई-कापसाचं होतं, ती कुठंही बसून करू शकत होती. आणि मला वाटतं, तिचा उठायचा कंटाळा त्या माळावर पहिल्यांदा बाहेर पडला. ती म्हणाली, "मैं नै उठती अब."

माय छावणीजवळ नाल्याच्या काठावर जाऊन राहिली. तिथं आठवडी बाजार भरायचा. बाजाराच्या दिवशी पहाटे सगळं आवरून बाजूला व्हायचं आणि बाजार उठला की परत मांडायचं. भोंगा नव्हता, पण दर आठवड्याला न चुकता उठणं होतं. मला मायनं अक्काकडं चितेगावला धाडलं. अक्काचं घर एका खोलीचं होतं, पण पक्कं. मी तिथं शाळेत जायला लागले, आणि तिथंही माझं बूड टेकेना. भिंतीच्या आत मला गुदमरायचं. अक्का म्हणायची, "बस की गं एका जागी." मी बसायचे आणि पुन्हा उठायचे. सुट्टी लागली की मायकडं पळायचे, मायकडं गेले की अक्काकडं यावंसं वाटायचं.

त्या मैदानावर कुंपण पडलं आणि बाग करायचं काम निघालं. माती टाकायला बिगारी हवे होते. माय त्या कामावर गेली. मला ते ऐकून एवढा राग आला, की मी तिच्याशी बोलेना. ती म्हणाली, "अगं, काम हाय त्ये. तुझा राग शिजवून खाऊ का मी?" बाग झाली. गुलाब लावले, बाक ठेवले. बंगल्यातली मुलं तिथं खेळायला लागली. मी एकदा त्या बाकावर जाऊन बसले आणि लगेच उठले. माळी काही बोलला नाही, तरी मी उठले.

हे सगळं मी इतक्या वर्षांनी लिहायला बसले, त्याला कारण झालं. आता मी निवृत्त आहे. नोकरीभर भाड्याच्या खोल्या बदलत राहिले, आणि आता शहरात एका इमारतीत राहते. समोर उड्डाणपूल आहे. पुलाखाली काही कुटुंबं येऊन राहिली. परप्रांतातली असावीत, फुगे आणि खेळणी विकतात. इमारतीत मीटिंग झाली. सगळे शिकलेले, सभ्य लोक. कुणी वाईट बोललं नाही. घाण होते, चोऱ्या होतील, सिग्नलला लेकरं गाडीखाली येतील, असं सगळं काळजीच्या सुरात. मी बोलायचं नाही असं ठरवून गेले होते. पण कुणीतरी म्हणालं, "यांना मुळात सवयच असते असं राहायची," आणि मी उभी राहिले.

"सवय असते," मी म्हणाले. "मला होती."

काही जण माझ्याकडं वळले. मग मी थोडंसं सांगितलं. सगळं नाही. एक शेजारी, चांगला माणूस आहे, म्हणाला, "ताई, मग तुम्हीच सांगा, काय करायचं?"

मी म्हणाले, "आधी पाणी द्या. आणि हलवायचंच असेल तर कुठं हलवताय, तिथं काम आहे का, बस आहे का, ते आधी बघा. आणि घर एकत्र राहील असं बघा. बायका इकडं, बाप्ये तिकडं असलं नको." कुणीतरी सांगितलं, निवारा आहे शहरात, तिथं जागा मिळते. मी दुसऱ्या दिवशी पुलाखाली जाऊन विचारलं. त्यातली एक बाई म्हणाली, "वहाँ आदमी अलग, औरत अलग. बच्चा बड़ा हो तो वो भी अलग. हम नहीं जाते." इमारतीतून आम्ही एक नळ काढून दिला, त्याला सगळे तयार झाले नाहीत, पण झाला. दोनेक महिन्यांनी पुलाखाली लोखंडी जाळी लागली, आत कुंड्या ठेवल्या, खांबांवर चित्रं काढली. ती माणसं पुढच्या पुलाखाली गेली. मी तिथंही जाऊन आले. नळ तिथं कोण देणार?

खालाचं सांगायचं राहिलं.

माय माळ सोडून आली त्याला एक-दोन वर्षं झाली असतील. मी चितेगावहून खालाला भेटायला गेले, उगाच, सुट्टी होती म्हणून. माळावर बऱ्याच जागा रिकाम्या पडल्या होत्या, काहींत दुसरेच लोक आले होते. खालाच्या चौकोनात पत्र्याची खोली उभी होती. शेजारच्या, म्हणजे आमच्या चौकोनात एक खाट होती, एक शेळी बांधलेली होती, आणि दगडांच्या चुलीत राख होती. ताजी राख.

मी विचारलं, "खाला, इथं कोण राहतं?"

"तेरी माँ रहती," ती म्हणाली.

मला कळेना. मग तिनं सांगितलं. रिकाम्या जागा तपासायला माणसं यायची आणि रिकामी दिसली की नाव काढून दुसऱ्याला द्यायची. खालानं आमच्या चौकोनात शेळी बांधली. रोज सकाळी आपली चूल न पेटवता आमच्या चुलीवर भाकरी भाजायची, म्हणजे धूर तिथून निघेल. तपासायला आलेला माणूस विचारायचा, ही बाई कुठं आहे? खाला म्हणायची, "बहन है मेरी. बाजार कू गई."

एकदा त्यानं विचारलं, "बहीण? नावावरून तर वाटत नाही."

खाला म्हणाली, "नाम से क्या होता? एक मंडप के नीचे खाना खिलाये हमने. पूछो तुमारे साहब कू."

तो हसला आणि पुढं गेला, असं तिनं मला सांगितलं. एवढं बोलून ती पुन्हा सुईकडं वळली. "तेरी माँ कू बोल, बकरी दूध नै देती अब. मैं अकेली दो-दो घर कित्ते दिन संभालूँ?"

मी तिथून सरळ छावणीला गेले. माय बाजाराचा पसारा उठल्यावर पाल बांधत होती. मी सांगितलं. ती ऐकत राहिली आणि बांबू हातात तसाच धरून उभी राहिली. आधी म्हणाली, "खोटं." मग म्हणाली, "तिनं असं का केलं असंल?" मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. बांबू खाली टाकला आणि म्हणाली, "ह्यो आता कशाला बांधते मी?"

आम्ही पुढच्या आठवड्यात गेलो. खालानं मायला बघितलं आणि सगळ्यात आधी भांडण काढलं, शेळीला चारा कोण घालत होतं, चूल कोण सारवत होतं, बाईसाहेबांना आत्ता आठवण झाली. माय ऐकून घेत होती. मग माय म्हणाली, "चूल चांगली न्हाय सारवली तू," आणि दोघी हसायला लागल्या. तोवर शहराकडं जायची बस सुरू झाली होती. मायला पुन्हा काम मिळालं, थोडं कमी, पण मिळालं.

पण माझी माय तिथंही निवांत बसली असं नाही. कितीतरी महिने तिनं सामानाचं गाठोडं सोडलं नाही. लागेल तेवढं काढायची आणि पुन्हा बांधून ठेवायची. कुणाचीही गाडी रस्त्यावर थांबली, की हातातलं काम सोडून दारात. मी म्हणायचे, "माय, आता कुणी येत नाही." ती म्हणायची, "तुला काय म्हाईत?" पुढं शेंद्र्याकडं कारखाने आले, रस्ता रुंद झाला, माळाला भाव आला, आणि तिची धास्ती उलट वाढली. भाव आलेल्या जागेवरून माणसाला आधी उठवतात, असं ती म्हणायची. अजून तरी कुणी उठवलेलं नाही.

बरीच वर्षं पत्र्याच्या खोल्यांत काढल्यावर दोघींनी मिळून विटांचं बांधकाम काढलं. दोन खोल्या, मधली भिंत एकच, खर्च वाचावा म्हणून. मी सुट्टी काढून गेले होते. गवंड्यानं मधल्या भिंतीचा दोरा ताणला, विटांचा पहिला थर लावला. खाला कमरेवर हात ठेवून बघत होती. तोवर ती म्हातारी झाली होती, सुईत दोरा ओवायला माझ्या हातात द्यायची. ती म्हणाली, "इसमें रस्ता छोड."

गवंडी म्हणाला, "आजी, मधल्या भिंतीला दार? भिंत कच्ची व्हईल. आणि दोन घरं हायत, उद्या भांडण झालं तर?"

खालानं मायकडं बघितलं. माय घमेल्यात माल कालवत होती. माल कालवता कालवताच ती म्हणाली, "भांडन तर रोजच व्हतंय. सोड रस्ता."

गवंड्यानं विटा काढल्या आणि दोरा पुन्हा बांधला.